दहातले अकरा

जाळी टाकीत घालून तपासनीस बाईंनी दुसरा मेलेला मासा वर काढला आणि नाक दंडावर दाबून तो ताटलीत टाकला. बोटभर मासा, पण कल्ले फाटल्यासारखे उघडे आणि डोळ्यांवर साय धरलेली. शी! अठरा वर्षं हेच काम करूनही त्यांना दर वेळी ढवळून येई, आणि त्याची त्यांना लाज वाटत नसे. ज्या दिवशी ढवळायचं थांबेल त्या दिवशी नोकरी सोडायची, असं त्या म्हणत.

काम तसं सोपं होतं. कातडी कमावण्याच्या कारखान्याने शुद्ध करून नाल्यात सोडलेलं पाणी प्रयोगशाळेत आणायचं, टाकीत भरायचं, त्यात दहा जिवंत मासे सोडायचे आणि चार दिवस वाट बघायची. नऊ जगले तर कारखान्याचा परवाना पुढे चालू. आठच जगले तर कारखान्याला कुलूप. शुद्ध म्हणे! रंग तीनदा उकळलेल्या चहाचा, आत किती मासे आहेत ते दिसायची सोय नाही, आणि वास असा की झाकण काढलं की शिपाईमामा जेवणाचा डबा घेऊन व्हरांड्यात पळत.

आज तिसरा दिवस होता. बाईंनी नोंदवहीत लिहिलं, ‘मेलेले दोन, जिवंत आठ.’ पेन्सिलीने. शेवटची मोजणी होईपर्यंत शाई वापरायची नाही, हा साहेबांचा नियम. साहेबांना सगळे मागून ‘फुटपट्टी’ म्हणत. तापमान दशांशात लिहिलं नाही म्हणून त्यांनी एकदा बाईंचा अख्खा अहवाल फाडला होता. बाई त्यांना घाबरत, आणि खरं सांगायचं तर मनातून मानतही.

वही मिटतात तोच फोन वाजला. धाकटी बहीण होती.

“ताई, उद्या निकाल ना गं?”

“तुला कुणी सांगितलं?”

“सगळ्या कारखान्यात तेच चाललंय. ह्यांच्या घशाखाली दोन दिवस घास उतरलेला नाही. पन्नाशीच्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करतंय? पोरीचं शिक्षण अर्ध्यावर आहे.”

“मासे काय मी मारते का?”

“मी कुठे तसं म्हटलं?” बहीण म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आत तिला रडू फुटलंच.

साडेपाचला मामा खिडक्या लावत फिरू लागले. साहेबांच्या खोलीत दिवा होता. बाई उठल्या, मागच्या खोलीतल्या चांगल्या पाण्याच्या हौदातून त्यांनी एक मासा जाळीत घेतला आणि तळहाताखाली झाकत टाकीपाशी आणला. दोन नाही, एकच. आठाचे नऊ. लागतं तेवढंच पाप. मासा त्या पाण्यात पडला, खाली गेला आणि लगेच वर येऊन तोंड वासू लागला. आजवर बाईंना माशांची किळस आली होती. आज पहिल्यांदाच जाळी धरलेल्या स्वतःच्या हाताची आली.

“बाई, कुलूप लावू का?” मामांनी दारातून हाक मारली. बाई दचकल्या. वहीतली नोंद तशीच राहिली. सकाळी लवकर येऊन खोडू, असं म्हणत त्या निघाल्या. घरी गेल्यावर दोनदा साबण लावला, तरी बोटांचा वास काही जाईना.

सकाळी मामांच्या पाठोपाठच त्या आत शिरल्या. खोडरबर हातात घेऊन वही उघडली, आणि रबर हातातच राहिलं. नोंद आधीच कुणीतरी खोडली होती. त्या जागी लिहिलं होतं, ‘मेलेले शून्य, जिवंत दहा.’ अक्षर आखून काढल्यासारखं सरळ. असं अक्षर या इमारतीत एकाच माणसाचं होतं.

बारा वर्षं त्या फुटपट्टीने मारलेले शेरे बाईंनी मुकाट्याने ऐकले होते! कुंपणच शेत खातंय, आणि आपण कुंपणाला नमस्कार करत बसलो. मग त्यांच्या डोक्यात हिशेब झाला. वहीत आठ वाचून साहेबांनी दोन टाकले असणार. बाईंचा एक आत होताच.

जाळी उचलायलाही वेळ मिळाला नाही. साहेब आत आले, बरोबर कारखान्याचे व्यवस्थापक, नाकाला रुमाल लावलेले. स्वतःच्याच कारखान्याच्या पाण्याला नाक धरून उभा होता लेकाचा.

“मोजा मामा,” साहेब म्हणाले.

मामा एकेक मासा काढून चांगल्या पाण्याच्या बादलीत सोडू लागले. निम्मे मासे आडवे होऊन तरंगत होते, पण कल्ले हलत होते. नियमाने जिवंतच.

“नऊ... दहा.”

“बास. झाले,” साहेब घाईने म्हणाले.

“थांबा साहेब, जाळीला काहीतरी लागलं.” मामांनी जाळी वर काढली. आत एक मासा तडफडत होता. “अकरा! आता काय म्हणावं? एखादी बाळंतीण झाली की काय?”

व्यवस्थापक रुमालाआडून खो खो हसले. “बघा साहेब, लोक उगाच ओरडतात. आमच्या पाण्यात मासे कमी होत नाहीत, वाढतात!”

साहेबांनी सावकाश मान वळवून बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भीतीही नव्हती. प्रवासात आपल्या गावचं माणूस भेटावं तशी ओळख होती. त्या ओळखीनेच बाईंच्या पोटात सगळ्यात जास्त ढवळलं.

त्यांनी अहवालाचा कागद ओढला. बहिणीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तो त्यांनी बाजूला सारला. शाईने, मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सोडलेले दहा. जिवंत अकरा.’ खाली सही केली आणि कागद साहेबांपुढे धरला. फाडा म्हणावं आता. विचारा काय विचारायचं ते, सगळं सांगते.

साहेबांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

“तापमान दशांशात लिहिलंय ना?” त्यांनी विचारलं.

“लिहिलंय.”

“छान. वर तेवढंच बघतात.” आणि त्यांनी सही केली.

तीन आठवड्यांनी वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. अहवाल तपासला, निकाल समाधानकारक, परवाना पाच वर्षांसाठी मंजूर. बहिणीचा फोन आला. “ताई, तुझे उपकार कसे फेडू गं!” बाई बरं बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढच्या सोमवारी दुसऱ्या एका कारखान्याचं पाणी आलं. बुधवारी दुपारी बाईंनी पहिला मेलेला मासा काढून ताटलीत टाकला. कल्ले उघडे, डोळ्यांवर साय. त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, नेहमीच्या ढवळण्याची वाट बघत. मग डबा कुठे ठेवलाय ते त्यांना आठवलं. भूक लागली होती.

“एक मेला, बाई,” मामा वही उघडून म्हणाले. “लिहू?”

“लिहा,” बाई म्हणाल्या. “पेन्सिलीने.”