मेरीमातेच्या दोन ओढण्या

लेस विणणाऱ्या बायका आमच्या ब्रुज शहरात पैशाला पासरी आहेत. पण चर्चमधल्या मेरीमातेच्या मूर्तीची ओढणी विणणारी एकच, आणि ती मी, पेलाजी डेवाले. हे मी माझ्या तोंडानं सांगत नाही, खुद्द बिशपसाहेब भर चर्चमध्ये म्हणाले होते, "या बाईच्या कामात चूक शोधून दाखवा!" त्याला चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून गल्लीतली कुठलीही पोरगी नवं काम उतरवलं की आधी माझ्याकडे घेऊन येते, आणि मी नाक मुरडलं की मुकाट्यानं उसवते.

माझी सून कोलेटा कोर्त्राइकडच्या शेतकऱ्याच्या घरची. तिला मी काय काय बोलले नाही! "देवानं तुला बोटं दिलीत की गाजरं गं?" हे तर रोजचंच. ती उलटून बोलायची नाही. खाली मान घालून पुन्हा विणायला घ्यायची, त्यामुळे मला आणखीच चेव यायचा.

ऑगस्टमध्ये मेरीमातेची मिरवणूक निघते. त्याआधी ओढणी धुवायला आमच्या घरी येते. माझे डोळे अधू झाल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, हे काम कोलेटाच करायची. कोमट साबणाच्या पाण्यात ती हलक्या हातानं बुडवायची, मग उशीवर टाचण्यांनी ताणून वाळवायची. यंदाही तिनं धुतली आणि चर्चमध्ये नेऊन दिली. पंधरा दिवसांनी ओस्टेंड बंदरात जकातवाल्यांनी एका इंग्रजाची पेटी उघडली, तर आत मेरीमातेची ओढणी! इंग्रज म्हणाला, ब्रुजमध्ये एका दलालाकडून विकत घेतली. इकडे मूर्तीच्या डोक्यावर बघितलं तर ओढणी जागच्या जागी. एक खरी, एक नक्कल. कुठली कोणती, हे कुणाच्या बापाला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी शिपाई दारात आले आणि कोलेटाला घेऊन गेले.

आमचे लेसचे व्यापारी ऑगस्टाइन क्लाइस तिच्या विरुद्ध साक्ष द्यायला पुढे झाले. आम्ही सगळ्या बायका त्यांच्यासाठीच विणतो, म्हणून त्यांना मालक म्हणतो. ते चर्चचे विश्वस्तही आहेत, मूर्तीच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडेच असते. आमच्या धंद्याची रीत अशी की नमुना मालकाचा. कातड्यावर भोकं पाडून नक्षी केलेली असते. ते कातडं उशीवर ठेवायचं, भोकाभोकात टाचणी टोचत दोरे गुंफायचे, आणि काम झालं की कातडं परत करायचं. मालक म्हणाले, "त्या ओढणीचं कातडं माझ्या वखारीच्या आगीत केव्हाच जळलं. नक्कल करणाऱ्यानं ओढणी समोर ठेवूनच नक्षी उतरवली असणार. आणि ओढणी घरी कुणाकडे जायची, ते सगळ्यांना ठाऊक आहे."

गुन्हा शाबीत झाला तर पाच वर्षं तुरुंग. माझा लेक लिव्हेन मालाच्या बोटीवर गेंटकडे गेलेला, घरात दोन नातवंडं, त्यातली धाकटी अजून अंगावर पिणारी. ती रडून रडून निळी पडायची, आणि मी तिला साखरेचं पाणी पाजत बसायचे. खोटं कशाला बोलू, एकदोनदा माझ्याही मनात पाल चुकचुकली. कोठडीत भेटायला गेले तर कोलेटा एवढंच म्हणाली, "आई, तुम्ही कोर्टात येऊ नका."

पण कोर्टानं मलाच बोलावलं. खरी ओढणी ओळखायला दुसरं होतं कोण?

त्या दिवशी वरच्या सज्जात आमची अख्खी गल्ली लोटली होती. सगळ्यात पुढे रोझाली, माझी जुनी वैरीण. टेबलावर दोन्ही ओढण्या पसरलेल्या. मी चष्मा चढवला, नक्षीतल्या डावीकडून तिसऱ्या लिलीच्या पानावर बोट ठेवलं आणि मोजलं. दुसऱ्या ओढणीवरही मोजलं. एका क्षणात मला सगळं कळलं होतं.

"ओस्टेंडची खरी," मी म्हणाले. "मूर्तीवरची नक्कल."

"कशावरून?" सरकारी वकिलानं फ्रेंचमध्ये विचारलं, दुभाष्यानं आमच्या भाषेत सांगितलं.

"माझं काम मी ओळखते."

वकील हसला. "आजीबाई, तुमच्या कामात चूक नसते असं बिशपसाहेब म्हणाले होते ना? या दोन्हींत चूक दिसत नाही. मग ओळखलं कसं? की सुनेला वाचवायचंय?"

त्यावर मी जे बोलले ते दुभाष्यानं गिळून टाकलं. पुढच्या बाकावर मालक गुडघ्यावर टोपी ठेवून मजेत बसले होते. मी कोलेटाकडे पाहिलं. पिंजऱ्यात उभी होती, गाल बसलेले, दुधानं पोलकं भिजलेलं. ती माझ्याकडे बघून नको नको अशी मान हलवत होती. मला वाटलं, घाबरलीय बिचारी.

चाळीस वर्षं जपलेलं नाव, आणि तेही रोझालीच्या देखत! पण त्या भिजलेल्या पोलक्याकडे बघितलं आणि म्हटलं, चुलीत गेलं ते नाव.

"न्यायाधीशमहाराज, भिंग घ्या," मी म्हणाले. "डावीकडून तिसरी लिली, खालचं पान. नकलेत भोकं मोजा. आठ. आता माझ्या ओढणीत मोजा. सात. कातड्यावर आठ होती. मी एक चुकवलं. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, माझा होणारा नवरा खिडकीखाली शीळ घालत होता, लक्ष उडालं. उसवलं नाही, कुणाला सांगितलं नाही."

सज्जात कुजबुज उठली. न्यायाधीशांनी स्वतः मोजलं, दोनदा.

"आता ऐका," मी म्हणाले. "माझ्या सुनेनं ओढणी बघून नक्कल केली असती, तर माशीला माशी मारली असती. माझी चूकही उतरली असती. नक्कल करणारीला आठ भोकं कुठून कळली? आठ फक्त त्या कातड्यावर आहेत. आणि ते कातडं मालकांचं. जळलं म्हणे! मूर्तीच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, तेही विचारा त्यांना."

मालकांची टोपी खाली पडली, ती त्यांनी उचललीही नाही. दुपारपर्यंत शिपायांना त्यांच्या घरच्या पेटाऱ्यात, चादरींच्या तळाशी, ते कातडं सापडलं. मेनेन गावच्या ज्या बाईकडून त्यांनी नक्कल विणून घेतली, तिचं नावही त्यांनीच सांगून टाकलं. चार वाजता कोलेटा सुटली.

दाराशी रोझाली वाटच बघत होती. "काय गं पेलाजी, सात?"

"सात! आणि चाळीस वर्षांत तुला एकदाही दिसलं नाही. डोळे काय गहाण टाकले होतेस?"

शेजारणीनं आणून दिलेल्या धाकटीला कोलेटानं छातीशी घेतलं होतं आणि तिथेच पायरीवर बसून पाजत होती. मी तिच्याशेजारी बसले. "मगाशी मान कसली हलवत होतीस?"

"सांगू नका म्हणून."

"काय सांगू नको?"

"सात," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी वाळत घातली ना, तेव्हाच मोजली होती मी."

"अगं बये! मग बोलली का नाहीस? एका शब्दात सुटली असतीस! अकरा दिवस कोठडीत, घरी लेकरू उपाशी..."

"तुमचं नाव होतं ना, आई," ती म्हणाली आणि पोरीच्या तोंडावरची शाल सारखी करू लागली.

मी रडले, भर रस्त्यात, रोझालीसमोर. मग डोळे पुसून उठले, कोलेटाचा हात उंच धरला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "बिशपला दिसलं नाही, तुम्हा एकीलाही दिसलं नाही, ते हिला पहिल्याच धुण्यात दिसलं! नीट बघून घ्या. ही माझी सून आहे!"