मधला स्पीकर

आई गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात बाबांनी बैठकीची खोली रिकामी केली आणि फरशीवर खडूने रेघा मारायला घेतल्या. जहाजाच्या गोदीत पोलादी पत्र्यावर मारायचे तशाच, गुडघ्यांवर बसून, दोरी ताणून. पडदा या भिंतीवर, सोफा इथे, सोफ्याभोवती पाच स्पीकर. पडद्याच्या बरोबर खालच्या जागेभोवती त्यांनी दोनदा गोल काढला.

"हा मधला," ते म्हणाले. "माणसांचं बोलणं यातून येतं. बाकीचे नुसते पाऊस आणि मोटारी."

त्यांना पाऊस नको होता आणि मोटारीही नको होत्या. त्यांच्याकडे एक व्हिडिओ टेप होती. मी शाळेत असताना ओहोटीच्या वेळी आम्ही आखाताच्या उथळ पाण्यात खेकडे धरायला गेलो होतो, तेव्हाची. कॅमेरा आईचा होता आणि ती त्याला कुणाला हात लावू देत नसे, त्यामुळे आमच्या एकाही टेपमध्ये ती दिसत नाही. फक्त बोलते. या टेपमध्ये ती काहीतरी म्हणते आणि पाण्यात वाकलेले बाबा कंबर सरळ करून खदाखदा हसतात. जुन्या टीव्हीवर त्यांना तिचं बोलणं म्हणजे नुसती घरघर ऐकू येई.

"ती म्हणते, मर्व्ह, चड्डी वर ओढ, खेकडे लाजून वाळूत शिरताहेत," मी त्यांना सांगितलं होतं.

"शब्द नकोत गं मला, जनेल. शब्द तू कागदावर लिहून देशील. मला तुझी आई ऐकायचीय, माझी ग्लेनिस."

मी अ‍ॅडलेडला लोकांचे कान तपासते. बाबांचेही तपासले होते. खालचे स्वर बऱ्यापैकी शिल्लक आहेत, वरचे गेलेले आहेत, आणि बोलण्यातले स, त, क त्या वरच्या स्वरांत असतात. कानात घालायचं यंत्र आवाज मोठा करतं. पण ऐकणाऱ्या पेशीच मेल्या असतील तर मोठा आवाज कुणापर्यंत पोचणार? हे मी आलेख काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे माझ्या ओठांकडे बघितलं.

गोदीतले सगळेच तसे. हातोड्यांच्या त्या गोंगाटात कुणाचं काही ऐकू येत नसे, म्हणून ओठ वाचायला सगळे शिकले, आणि कानांवर झाकणं घालणाऱ्याला "काय आजीबाई, थंडी वाजते का?" म्हणून चिडवत राहिले. ओठ इतके सहज वाचत की घरी आल्यावरही आपल्याला ऐकूच येतंय असं त्यांना वाटे. आई बाबांशी बोलायची ती नेहमी समोर येऊन, हातातलं काम बाजूला ठेवून. मला लहानपणी ते प्रेम वाटायचं. ते प्रेम होतंच, पण त्याला कारणही होतं.

"कान ठीक आहेत माझे," बाबा म्हणाले. "टीव्ही भिकार आहे."

शेजारचा ब्रँको मदतीला आला. तो त्याच गोदीत क्रेन चालवायचा. स्पीकरचे स्टँड बाबांनी जाड पत्र्याचे स्वतः वेल्डिंग करून बनवले आणि हलू नयेत म्हणून आत वाळू भरली.

"मर्व्ह, गाणी ऐकणार आहेस की बोट नांगरणार आहेस?" ब्रँको म्हणाला.

"तू उचल आधी. मग बोल."

"उचलायला मला क्रेन लागते, माहितीये ना."

सगळं जोडून झालं आणि टेप लावली. घरघर. बाबांच्या मते दोष फरशीचा निघाला, म्हणून गालिचा आला. पुन्हा घरघर. मग मागच्या व्हरांड्याकडच्या काचेच्या दाराचा दोष, म्हणून जाड पडदे. मग भिंतींचा, म्हणून लाकडी चौकटींत लोकर दाबून वर गोणपाट ताणलेले तक्ते. मला अवघड व्हायचं ते एवढ्यासाठी की त्यांचं प्रत्येक म्हणणं बरोबर होतं. आवाज काचेवरून परततोच. उघड्या फरशीवर तो फुटतोच. मी दर वेळी हो म्हणायचे, पुढे कानांचं सांगायचे, आणि ते तेवढ्यापुरती माझ्या ओठांवरून नजर काढायचे.

वसंतात त्यांचा निरोप आला, फोनवर लिहून पाठवलेला: तुझं मोजायचं यंत्र आण. खोलीत अजून काहीतरी लपलंय.

मी माइक नेला आणि बाबांचं डोकं जिथे येतं तिथे सोफ्यावर, त्यांच्या कानाच्या उंचीवर, उभा केला. स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत चढत जाणारी शिट्टी सोडली. संगणकावर आलेख उमटला.

"ही रेघ सपाट हवी ना?" बाबांनी विचारलं.

"हो."

दुपारभर आम्ही मधला स्पीकर बोटभर पुढे, बोटभर मागे करत राहिलो. एक तक्ता हलवला. चहाच्या वेळेपर्यंत रेघ इतकी सपाट झाली की मी स्वतः प्रयोगशाळेबाहेर अशी पाहिली नव्हती. बाबांनी संगणकाच्या काचेवरून बोट फिरवलं. आयुष्यभर त्यांनी पत्र्याच्या कडा अशाच तपासल्या होत्या.

"खोलीत काही दोष नाही, बाबा."

"नाही," ते म्हणाले. "लाव."

आई पडद्याखाली उभी असल्यासारखी बोलली. बोलण्याआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा मला ऐकू आला. मी हात मांडीखाली दाबून बसले.

बाबा मधल्या स्पीकरकडे बघत मान हलवत होते, ब्रँकोही हलवत होता. "ब्रँको?"

"एकदम स्वच्छ," ब्रँको म्हणाला.

"काय म्हणाली?"

ब्रँकोने कपाळ चोळलं. "तू मान हलवलीस, म्हणून मी हलवली, मर्व्ह. मला वाटलं, तुला तरी ऐकू येतंय."

"परत लाव."

या वेळी त्यांनी ऐकायचा प्रयत्न सोडला आणि फक्त बघितलं. पडदा भिंतभर होता. जुन्या टीव्हीवर अंगठ्याएवढे दिसणारे आमचे चेहरे आता ताटाएवढे होते.

"थांब. मागे घे. अजून."

पडद्यावरचे बाबा पाण्यात वाकलेले. आई बोलते. ते खेकडेच शोधत राहतात. कोपऱ्यातली मी, बादली घेतलेली, हसायला लागते. बाबा वर बघतात. त्यांची नजर माझ्या तोंडावर जाते, मग कॅमेऱ्याकडे, आणि मग ते खदाखदा हसतात.

"तू आधी हसलीस," बाबा म्हणाले.

"हो."

"म्हणजे तेव्हाही मी ऐकलं नव्हतं." ते माझ्याकडे वळले, माझे ओठ नीट दिसतील असे. "खरं सांग. तिला नीट कधी ऐकलं असेल मी? शेवटचं?"

गोदीतली वर्षं आणि त्यांचा आलेख दोन्ही मला ठाऊक होते.

"माझ्या जन्माच्या सुमारास. कदाचित त्याही आधी."

"मग मला आठवतो तो आवाज कुणाचा?"

ब्रँको उठून किटली लावायला गेला.

बाबा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी मधल्या स्पीकरवर तळहात टेकला. "लाव परत." मी लावली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "येतंय," ते म्हणाले. "हाताला येतंय, जनेल."

हाताला येत होता तो कॅमेऱ्याच्या माइकमध्ये शिरलेला आखाताचा वारा. आईचं वाक्य संपलं, तरी त्यांचा हात तसाच होता.