राधिके, माझ्यावर विसंबू नकोस

मी आगाशीच्या एका वाडीत आंब्याखाली उभी असलेली जुनी चारचाकी गाडी आहे. माझा मूळचा मोतिया रंग आता ओळखू येत नाही. ज्यांचे हात नुकतेच स्टिअरिंगवर स्थिरावू लागले आहेत, त्यांच्यापाशी मला मन मोकळे करायचे आहे. कारण आज माझे मन भयाने व्यापले होते आणि ते भय माझ्याच देहाविषयीचे होते.

कारखान्यात पत्रा, रबर आणि काच यांतून मला आकार मिळाला. पण मला जन्म मिळाला तो विद्याधरांच्या घरी, असेच मी मानते. सोनचाफ्याची आणि केळीची वाडी सांभाळणारे हे सात्त्विक गृहस्थ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी नेले, बॉनेटवर स्वस्तिक रेखले आणि हात जोडून म्हटले, "आई, ही तुझी. मी नुसता सारथी."

त्या शब्दांनी मी धन्य झाले. पुढे कित्येक वर्षे भल्या पहाटे चाफ्याच्या टोपल्या घेऊन मी विरारच्या बाजारात जात असे. विद्याधर हलक्या आवाजात अभंग म्हणत आणि माझ्या चाकांना त्यांची लय सापडत असे. सेवा हेच भजन, असे मला तेव्हा वाटे.

मग विद्याधरांची दृष्टी मंदावली आणि माझे फिरणे थांबले. तरी ते मला विसरले नाहीत. दर दसऱ्याला मला न्हाऊ घालीत, झेंडूचा हार घालीत, नारळ फोडीत. किल्ली फिरवून चाकांखालची लिंबे चिरडण्यापुरते मला पुढे घेत आणि समाधानाने म्हणत, "बघा, एका झटक्यात सुरू झाली. देवीची कृपा!"

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वर्षभर ताडपत्री. आत ब्रेकचे तेल जुने होत होते, टायरांना बारीक चिरा पडत होत्या, उंदरांनी तारा कुरतडल्या होत्या. विम्याची मुदतही केव्हाच उलटून गेली. "उभ्या गाडीला विमा कशाला? ती देवीच्या हवाली आहे," असे ते म्हणत. त्यांची श्रद्धा निर्मळ होती. तिला निगेची जोड तेवढी नव्हती.

यंदा त्यांच्या पत्नीचे, सावित्रीबाईंची मूत्रपिंडे थकली. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी त्यांना इस्पितळात न्यावे लागते. परतताना त्यांना ग्लानी येते आणि खड्ड्यांतून जाणाऱ्या रिक्षात त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. आजी-आजोबांपाशी राहून बोळिंजला नोकरी करणारी त्यांची नात राधिका हे पाहत होती. तिला वाहन चालवण्याचा परवाना नुकताच मिळाला होता.

एका संध्याकाळी ती आणि तिची मैत्रीण एलिसा माझ्यापाशी उभ्या राहिल्या.

"नवी घेतली तर हप्ता, पेट्रोल, विमा... पगार येतो तसा जाणार," राधिका म्हणाली.

"आणि ही घेतलीस तर पगार गॅरेजवाल्याचा. त्यालाच सॅलरी अकाउंट उघडून दे," एलिसा हसली. मग वाकून तिने माझे टायर न्याहाळले. "मस्करी सोड. हिचा विमा संपून किती दिवस झाले?"

"आजोबांना विचारलं तर देवघराकडे बोट दाखवतात."

"अगं, उद्या कुणाला धक्का लागला तर? आधी विमा काढ, ब्रेक तपास, मग रस्त्यावर ने."

राधिकेने त्याच दिवशी मला नवी बॅटरी बसवून घेतली होती. तिच्यामुळे माझे इंजिन सुरू झाले होते. फाटकापासून विहिरीपर्यंत तरी चालवून पाहू, असे म्हणत ती आत बसली, एलिसा तिच्या शेजारी. मी पुढे निघाले. विहिरीच्या कठड्याजवळ तिने ब्रेक दाबला. पेडल खाली, अगदी खाली गेले आणि मी थांबले नाही. हे नारायणा, त्या क्षणी मला वाचा असती तर मी किंचाळले असते! एलिसाने हँडब्रेक ओढला. कठडा माझ्या नाकापासून हातभर उरला.

राधिका तडक उतरली. तिने घरात जाऊन सारे सांगितले. विद्याधर मात्र मान हलवून म्हणाले, "तुझा पाय नवा आहे, बाळ. दाबायचं जमलं नाही तुला. दसऱ्याला माझ्या हातात कशी गुणाने थांबली होती!"

थांबले होते, कारण मी जेमतेम सरकले होते. पण हे त्यांना कोण सांगणार?

आज शुक्रवार, डायलिसिसचा दिवस. सकाळीच विद्याधरांनी मला हळदकुंकू वाहिले आणि सावित्रीबाईंना हात धरून मागच्या आसनावर बसवले. त्यांचा कृश देह मला टेकला आणि माझा थरकाप झाला. आयुष्यभर मी एकच मागणे मागितले होते, मला उपयोगी पडू दे. आज प्रथमच उलटे मागितले: राधिके, मला नाकार. माझ्यावर विसंबू नकोस.

राधिका किल्ली मुठीत धरून उभी होती.

"आजोबा, मी हिला चालवणार नाही."

"देवीचा अपमान करतेस?"

"देवीचा नाही. देवघरातली समई तुम्ही रोज पुसता, तेल घालता, वात सारखी करता. हिला वर्षातून एकदा कुंकू लावलंत आणि आजीला हिच्यात बसवताय." तिने किल्ली पाठीमागे धरली. "मला भीती वाटते, आजोबा."

 तेवढ्यात माझ्या आतून सावित्रीबाईंचा क्षीण पण मिश्कील आवाज आला, "अहो, तुमचा एवढा विश्वास आहे ना, मग तुम्ही बसा इथे. मी आपली रिक्षाने जाते. राधिके, उतरव गं मला."

विद्याधरांच्या चेहऱ्यावरचा ताठा विरघळला. त्यांनी स्वतःच दार उघडले, पत्नीला उतरवले आणि राधिकेने फाटकाशी बोलावलेल्या रिक्षात तिच्याशेजारी बसले. "हळू घ्या हो, खड्डे बघून," असे त्यांनी रिक्षावाल्याला बजावले.

दुपारी राधिकेच्या सांगण्यावरून गॅरेजवाला आला. माझी चाके काढून त्याने मला दगडांवर टेकवले आहे. ब्रेक, तारा, टायर, शिवाय पूर्ण विमा. हा सारा भार माझ्या वयाला पेलेल की राधिकेने दुसरी गाडी शोधावी, हे उद्या ठरेल. कदाचित मी पुन्हा रस्त्यावर येईन, कदाचित भंगारात जाईन. दोन्ही मला मान्य आहे.

तरुणांनो, एवढीच विनवणी. वाहनाचा रंग पाहा, मायलेज विचारा, खर्चाचा अंदाज घ्या. पण आपल्या माणसाला त्यात बसवण्यापूर्वी ते थांबते का, हे आधी पाहा. आणि रस्त्यावरच्या परक्या जिवासाठी विमा विसरू नका. तो जीवही कुणाचा तरी आधार असतो.

दिवसभर माझे चित्त फाटकाकडे लागले होते. सायंकाळी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मग काठीचा, मग विद्याधरांचा, "सावकाश, पायरी आहे." आणि शेवटी सावित्रीबाईंचा थकलेला स्वर: "राधिके, चहा टाक गं. आल्याचा."

पांडुरंगा, त्या घरी पोहोचल्या.