सात आठे चोपन्न

रविवारी दुपारी चार वाजता आबांची शाळा भरायची. शाळा म्हणजे एक टेबल, त्यावरचा जुना कॉम्प्युटर आणि पडद्यावर दिसणारी एकुलती एक विद्यार्थिनी, दूर राहणारी त्यांची नात. आबांनी उभा जन्म प्राथमिक शाळेत गणित शिकवण्यात घालवला होता, पण या पोरीइतके प्रश्न एकाही वर्गाने विचारले नव्हते. म्हणून तिचं नाव त्यांनी चौकशीबाई ठेवलं होतं.

आज ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तीन वाजताच टेबलापाशी बसले. बटण दाबलं. पंखा घरघरला, दिवा लागला आणि कॉम्प्युटरच्या डब्यातून एक लांबलचक शिट्टी निघाली. थांबली. पुन्हा निघाली. पडदा मात्र काळा ठिक्कर.

"अरे, आजच का?" आबा त्याला म्हणाले. एकट्या माणसाला वस्तूंशी बोलायची सवय लागते.

त्यांनी बंद करून पुन्हा सुरू केला. तीच शिट्टी. पडद्याची वायर काढून घट्ट बसवली. पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या रविवारी इंटरनेटने दगा दिला होता, त्याच्या आधी विजेने. काल मुलगी फोनवर म्हणाली होती, "बाबा, उद्याही नाही जमलं तर मी तिला रविवारचा क्लास लावते. तुमच्याही जिवाला उगाच घोर नको." बोलणं सरळ होतं, मायेचं होतं. आबा नुसतं "हो हो" म्हणाले होते. रविवार गेला की आठवडाभर घरात माणसाचा आवाज उरणार होता तो दूधवाल्याचा, आणि तोही दाराबाहेरून "ठेवलंय हो!" एवढाच.

त्यांनी आपला बटणांचा फोन उचलला. पलीकडून चौकशीबाईच बोलल्या.

"आई अंघोळीला गेलीय. काय झालं, आबा?"

"यंत्राने मौन धरलंय. नुसतं शिट्ट्या मारतंय."

"रडू नका. काय दिसतं आणि काय ऐकू येतं, तेवढंच सांगा. आपल्या मनाचं घालायचं नाही."

आबांना हसू फुटलं. हे वाक्य त्यांचंच होतं, तोंडी गणिताच्या वेळचं. त्यांनी फोन डब्याशी धरून शिट्टी ऐकवली.

"लांब, मग गप्प, मग परत लांब," ती म्हणाली. पलीकडे टकटक ऐकू आली. ती आईच्या कॉम्प्युटरवर शोधत होती. "इथे लिहिलंय की बहुतेक मेमरीची पट्टी सैल झाली असेल. आबा, शेवटचा नीट चालला, त्यानंतर काय बदललं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही म्हटलं ना."

"गणित चुकलं की काय करायचं?"

आबा हातातल्या वायरीशी चाळा करू लागले.

"शेवटची बरोबर पायरी शोधायची," तिनेच पुरं केलं. "सांगा की."

आबांनी घसा खाकरला. "टेबल हलवलं. बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत. ओढत नेलं, उंबरठ्यावर जरा आपटलं."

"का पण?"

"बाहेर ऊन येतं डोळ्यांवर."

"आबा, तिथे खिडकीच नाहीये."

पोरीला लहानपणापासून नजर शिकवली, ती अशी अंगाशी आली. बाहेरच्या खोलीत आबांच्या पाठीमागे वेताची एक खुर्ची होती. आजी तिच्यात विणत बसायची आणि शिकवणी चालू असताना मधूनच चुकीचं उत्तर ठोकून द्यायची. "सात आठे चोपन्न!" की पडद्यातली पोरगी खिदळत ओरडायची, "आजीऽ, छप्पन्न!" आजीला पाढे तोंडपाठ होते. पण पोरीला हसत चूक सुधारायला मिळावी म्हणून ती दर रविवारी नवी चूक शोधून ठेवायची. आबा तिला दटावायचे, "शिकवण्याची थट्टा करू नकोस." आता खुर्ची रिकामी होती, आणि शिकता शिकता नातीची नजर आबांच्या खांद्यावरून मागे जायची. प्रत्येक वेळी.

"खुर्ची दिसू नये म्हणून," आबा शेवटी म्हणाले. "तुला वाईट वाटतं."

पलीकडची टकटक थांबली. मग ती मोठ्या बाईसारखी म्हणाली, "ते नंतर बघू. आधी वायर भिंतीतून काढा."

आबांनी काढली. तिच्या सांगण्यावरून उरलीसुरली वीज जावी म्हणून बटण थोडा वेळ दाबून धरलं, लोखंडाला हात लावला, बाजूचा पत्रा उघडला. आत धुळीची मऊ गादी. बोटभर रुंदीची हिरवी पट्टी एका टोकाने वर आली होती, बाकावरून अर्धवट उठलेल्या पोरासारखी.

"दोन्हीकडच्या खिट्ट्या उघडा, सरळ वर काढा. सोनेरी कडेला बोट नको. आता खोडरबर आहे का?"

"मास्तराच्या घरी खोडरबर विचारतेस?"

खणात डबाभर होते. शाळा सुटल्यावर बाकांखाली सापडलेले, कोणी परत न्यायला न आलेले. आबांनी त्यातला एक पांढरा घेतला आणि सोनेरी कड हलकेच पुसली. काळसर मळ निघाला. कण फुंकरीने उडवू नका म्हणून ती ओरडली, तेव्हा त्यांनी कोरड्या कुंचल्याने झटकले. पट्टी खाचेत बसवून दोन्ही अंगठ्यांनी दाबली. खट् झालं. दुसऱ्या बाजूनेही खट्.

"करू सुरू?"

"थांबा. आधी टेबल जागेवर न्या."

"अगं..."

"खुर्ची दिसली ना, की मला कळतं मी बरोबर घरी आलेय. आतल्या खोलीत नुसतं कपाट दिसेल. ते कोणाचंही असतं."

आबांनी डबा लेकरासारखा उचलून बाहेर नेला, मग पडदा, मग टेबल. या वेळी ओढलं नाही, एक एक पाय उचलून सरकवत नेलं. वायरी लावल्या. बटण दाबलं. एक छोटीशी बीप, आणि पडदा उजळला.

चारला चौकशीबाई पडद्यावर हजर झाल्या. मागे ओल्या केसांची मुलगी डोकावली. "जमलं वाटतं, बाबा! मग क्लासचं राहू देते सध्या," म्हणाली आणि कामाला गेली. नात मात्र आबांच्या खांद्यावरून मागे पाहत होती. या वेळी आबा आडवे आले नाहीत, उलट थोडे बाजूला सरकले.

"पाढे," ती म्हणाली. "आज मी विचारणार. सात आठे?"

आबांनी जन्मात फळ्यावर चूक उत्तर लिहिलं नव्हतं. छप्पन्न आपोआप ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"चोपन्न," ते म्हणाले.

पोरगी क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिली. मग खुर्चीवरून पडेपर्यंत हसली. "आबाऽ! छप्पन्न!"

तास संपला. पडदा काळा झाला आणि त्यात आबा दिसले, त्यांच्यामागे खुर्ची. बाहेर कोणाच्या तरी घरी भांडी वाजत होती. मग आबा मागे खुर्चीकडे वळून हळूच म्हणाले,

"छप्पन्नच गं. माहीत आहे मला."