द्वादशीची कॉफी

सावित्रीने दाभणाचं टोक रबरी रिंगच्या कडेखाली सरकवलं आणि हलकेच उचकटून पाहिलं. रिंग जागची हलली नाही. एस्प्रेसोचं मशीन ओट्यावर आडवं निजवलेलं होतं; खाली जुन्या पातळाची चौघडी, तीही आता भिजून गार झालेली. कॉफीची दांडीवाली वाटी जिथे अडकवायची, नेमकं तिथूनच पाणी गळत होतं. सकाळी तिने नुसतं पाणी सोडून पाहिलं तर कपात चार थेंब आणि बाकी सगळा ओहोळ ओट्यावर.

"मोडशील हं," दारातून अनिलराव म्हणाले. बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण घरात काही बिघडलं की अजूनही ते शिपायाची वाट बघत असल्यासारखे दारात उभे राहत.

"मोडलेलंच आहे."

"मग राहू दे की. ईशाला फोन कर, ती बंगळुरूहून माणूस पाठवील."

"आज द्वादशी आहे. मला आजच करायची आहे."

"उद्या केलीस तर विठोबा रागावणार आहे?"

"विठोबाचं मी बघेन. गंगुबाईंना साडेचारची वेळ दिली आहे, त्या रागावल्या तर तुम्ही बघाल का?"

अनिलराव हसले आणि पेपर घेऊन ओटीवर गेले. शेजारच्या गंगुबाईंचा राग त्यांना ठाऊक होता.

चातुर्मासात सावित्री दरवर्षी एक पदार्थ सोडत असे. कार्तिकी एकादशी झाली की द्वादशीला तो पदार्थ आधी दुसऱ्या कुणाला तरी द्यायचा आणि मगच आपण तोंडात घालायचा, ही सासूबाईंनी घालून दिलेली रीत. यंदा आषाढीच्या आदल्या दिवशी तिने वांगं सोडते म्हटलं, तेव्हा अनिलराव म्हणाले होते, "वांगं तुला आवडतं कुठे? सोडायची तर कॉफी सोडून दाखव."

थट्टाच होती ती. पण लेकीने, ईशाने, हे मशीन पाठवल्यापासून सावित्रीचा जीव त्या सकाळच्या कपात अडकला होता, हे त्यांनाही माहीत होतं आणि तिलाही. तिने देवापुढे विडा ठेवला आणि कॉफी सोडली.

दुसऱ्याच दिवशी अनिलरावांनी मशीन उचलून मागच्या पडवीत नेलं. "तुझ्या नाकाला त्रास नको," म्हणाले. तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं होतं. मग चार महिने ती देवापाशी चंदन उगाळत बसली असताना ते मधलं दार लोटून पडवीत जायचे आणि पंधरा मिनिटांनी येऊन सांगायचे, "झाली माझी." त्या दोन शब्दांवर सहाणेवर तिचा हात जरा जास्तच दाबला जाई. नेमात राग धरू नये, म्हणून ती नामाची एक माळ जादा ओढत असे. चार महिन्यांत अशा किती माळा झाल्या, ते देवच जाणे.

दाभण पुन्हा आत घातलं. या वेळी रिंग करकरत सुटली आणि तिच्या ओंजळीत पडली. रबर कसलं, बांगडी झाली होती तिची. तिने ती कागदात गुंडाळली, पायात चपला सरकवल्या आणि नाक्यावर गेली.

बाबल्याचं दुकान पंपदुरुस्तीचं, पण मिक्सरपासून कुकरपर्यंत सगळ्याचं रबर त्याच्याकडे मिळे. सावित्रीच्या धाकट्या भावाच्या वर्गातला तो. त्याने रिंग चष्म्यापाशी धरली, नखाने खरवडली.

"ताई, पावसात पडून होतं काय हे?"

"पडून कशाला? रोज चालतं. आमचे हे रोज सकाळी कॉफी करून घेतात."

"रोज?" बाबल्याने रिंग तिच्यासमोर धरली. आतल्या बाजूने हिरवट-पांढरा थर होता, ओल्या दिवसांत पेटाऱ्यातल्या चामडी पट्ट्याला धरतो तसा. "रोज वाफ लागते त्याला बुरशी धरत नाय. हे एका जागी बसून ताठलंय. पावसाळाभर तरी हात लागलेला नाय याला कुणाचा."

सावित्रीने बोटाने तो थर खरवडून पाहिला.

"नवीन हाय माझ्याकडे, जराशी जाड हाय, पण बसंल. गरम पाण्यात ठेवा आधी. आणि भावजींना सांगा, वापरायचं नसंल तर माझ्याकडे आणून द्या. मी घेईन कॉफी."

घरी परतताना ती नेहमीसारखी गणपतीच्या देवळापाशी थांबली नाही. बाहेरूनच हात जोडून पुढे झाली. स्वयंपाकघरात येऊन तिने फडताळातला कॉफीचा डबा काढला. आतल्या पुडीला रबरबँड होता, दोन वेढे आणि शेवटी एक पीळ. हा पीळ तिचा. अनिलराव कुठलीही पुडी नुसती दुमडून ठेवत. साखरेला मुंग्या लागत त्या त्यामुळेच.

तिने डबा होता तिथे ठेवला. नवी रिंग गरम पाण्यात टाकली, मऊ झाल्यावर दोन्ही अंगठ्यांनी दाबत दाबत खाचेत बसवली. मशीन उभं केलं. पहिलं पाणी नुसतंच सोडलं, दुसरंही. ओटा कोरडा राहिला.

साडेचारला पाच कमी असताना गंगुबाई आल्या. इरकली नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून. त्या ओटीवर खुर्चीत बसल्या.

"काय गो, झाली काय तुझी ती मशिनीची कॉफी? मी दुपारचा चहा पण घेतला नाय."

सावित्रीने पहिला कप त्यांच्या हातात दिला आणि वाकून नमस्कार केला. गंगुबाईंनी एक घोट घेतला, डोळे मिटले, गिळला.

"हे चार महिने सोडलं होतंस?" त्या म्हणाल्या. "मग तुझं पुण्य कसलं गो? मी असते तर जन्मभर सोडलं असतं."

ओटीच्या टोकाला अनिलराव पेपरामागे हसत होते. सावित्री आत आली, दुसरा कप भरला. दाट, वर तांबूस फेस आलेला. वास घरभर पसरला तसे अनिलराव पेपर ठेवून आत आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले.

"घे. सुटला तुझा नेम."

तिने कप त्यांच्या हातात दिला.

"अगं, तू घे आधी. माझं काय, मी रोजच..."

खिडकीच्या चौकटीत ती जुनी रिंग ठेवलेली होती, बुरशीची बाजू वर करून. अनिलरावांचं लक्ष तिकडे गेलं आणि वाक्य तिथेच राहिलं. सावित्री ओटा पुसत होती. ओटा कोरडाच होता.

"आधी दुसऱ्या कुणाला तरी द्यायची असते," ती फडक्याकडे बघत म्हणाली. "मग आपण घ्यायची. माझी देऊन झाली, तुमची राहिली."

अनिलरावांनी कपाचा कान तिच्याकडे वळवला. मग त्यांनी तो तिच्यापुढे केला.

"गरम आहे," ते म्हणाले.

तिने दोन्ही हातांनी घेतला, तीर्थ घेतात तसा. बाहेरून गंगुबाईंनी साखर मागितली, मग पुन्हा एकदा मागितली.