विठाबाईंनी तोंड उघडलं

"आत्या, आ करा बघू."

"कशाला? मी काय ल्हान हाय का?" विठाबाईंनी ओठ घट्ट मिटले.

ठेच्याशिवाय घास न उतरणाऱ्या सासूनं आज भाकरी दुधात कुस्करून मागितली, तेव्हाच सुरेखाला शंका आली होती. ती पाटसजवळच्या उपकेंद्रात नर्स होती. ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांवर, कोप्यांवर जाऊन बायांना सांगायची, तोंडातली जखम पंधरा दिवसांत भरली नाही, पांढरा-लाल चट्टा दिसला, तर दवाखाना गाठा. घरात मात्र सासू दिवसातून चारदा तंबाखूची मिश्री लावायची आणि लग्नाला नऊ वर्षं होऊनही 'सोडा' म्हणायची सुरेखाची छाती झाली नव्हती.

"सुनंम्होरं तोंड वासायचं म्हंजी..."

"आत्ता मी सून न्हाई. नर्स हाय."

तिनं सासूचा खालचा ओठ हळूच ओढला. हिरडीलगत पांढरा चट्टा, मधोमध लाल, खरबरीत जखम.

"कवापसनं हाय?"

"दिवाळीपसनं. दुखत न्हाई, मग कशाला सांगायचं?"

शिमगा तोंडावर आला होता. सुरेखाचे डोळे भरले. "मी आधीच बोलाय पायजे व्हतं, आत्या."

"तू बोलली असतीस, तर मी ऐकलं असतं व्हय?" विठाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

पुण्याच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये जबड्याचा एक भाग गेला, पण विठाबाई वाचल्या. चेहरा एका अंगाला बसला, बोलणं अडखळू लागलं. सगळ्या वस्तीत उठबस असणाऱ्या विठाबाई आता नाकापर्यंत तोंड पदरानं झाकून घरातच बसायच्या.

श्रावणात उपकेंद्रात बायांची तपासणी होती. विठाबाई न बोलावता सुनेमागं आल्या, कोपऱ्यात बसल्या. तोंड दाखवायला कुणीच उठेना.

"आमच्या आज्यापणज्यांनी मिश्री लावली," वस्तीतली धुरपदा हसून म्हणाली. "काय झालं त्यान्ला?"

विठाबाई उभ्या राहिल्या. काहीतरी बोलल्या. कुणाला कळलं नाही. सुरेखा समजावून सांगायला पुढं झाली, तर त्यांनी हातानं तिला थांबवलं. मग तोंडावरचा पदर खाली ओढला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "माज्यावानी... लाजू नगा."

धुरपदाचं हसू विरलं. थोड्या वेळानं तीच पहिली स्टुलावर येऊन बसली.

परतताना सुरेखा, दवाखान्याच्या फेऱ्यांपासून पडलेल्या सवयीनं, माणसं नसलेल्या मागच्या पाणंदीकडं वळली. विठाबाई वळल्या नाहीत. एसटी स्टँडवरच्या गर्दीतून, उघड्या चेहऱ्यानं, त्या सावकाश पुढं चालत राहिल्या.