कापलेला कोपरा

मोनिकाने फिल्म खिडकीच्या काचेवर टेकवली आणि पहिल्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"हे बिनआंबाडीचं, सर. ह्या थोड्या आंबाडीतल्या पेशी, ह्या मधल्या, आन् ह्या सगळ्यात जास्त आंबाडीच्या."

बोट डावीकडून उजवीकडे सरकत गेलं तसतशी एकेक पट्टी जाड आणि काळीभोर होत गेली.

"वाढतच चाललंय," ती म्हणाली.

डॉ. सांडू वाकळे यांनी चष्मा कपाळावर चढवून फिल्मच्या अगदी जवळ तोंड नेलं. "म्हणजे आंबाडीनं पेशीत कचरा साचवला, असंच ना?"

"तसंच दिसतंय, सर."

"जल्मापास्नं आंबाडी खातोय मी. साचला असता तर एव्हाना बाहेर दिसला असता."

सरांच्या घेराकडे बघून एरवी दोघी पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या असत्या. आज मोनिकाला हसू आलं नाही. शेजारी उभी असलेली गजाला तर मोनिकाच्या बोटाकडेच टक लावून बघत होती. फिल्म काचेवरून खाली आली तरी तिची नजर तिथून हलेना. रुसली असणार, असं मोनिकाला वाटलं. रुसावं अशीच वेळ होती म्हणा.

सर गंगापूरकडचे. आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी यावर त्यांचा पिंड पोसला होता आणि आता त्यांचं संशोधनही त्याच भाजीवर उभं होतं. आंबाडीच्या पाल्याचा अर्क दिला की पेशी आपल्या पोटातली साफसफाई झपाट्याने करतात, असा त्यांचा दावा. ही सफाई मोजायची एक युक्ती आहे. पेशीत पी-सिक्स्टी-टू नावाचं एक प्रथिन असतं. ते हमालाचं काम करतं. मोडकं, जुनाट सामान गोळा करायचं, जिथे ते पचवलं जातं तिथे वाहून न्यायचं आणि शेवटी ओझ्याबरोबर स्वतःही पचून जायचं. म्हणजे सफाई जोरात असेल तर हमाल थोडेच शिल्लक राहतात. सफाई अडली की हमालांची नुसती गर्दी. ती गर्दी ओळखायला अँटीबॉडी लागते. हजारो प्रथिनांतून ही बया फक्त पी-सिक्स्टी-टूलाच हुडकते आणि त्यालाच जाऊन चिकटते. ती जिथे चिकटली तिथे फिल्मवर काळी पट्टी उमटते. पट्टी जाड, तर हमाल फार.

इथवर सगळं सरळ होतं. वाकडं होतं ते पुढेच. मोनिका चुलतभावाच्या लग्नाला गावी गेली होती तेव्हा गजालाने सगळा प्रयोग एकटीने केला. आंबाडी वाढत गेली तशा पट्ट्या बारीक होत गेल्या. सर खूश. ईदला गजाला सिल्लोडला घरी गेली तेव्हा मोनिकाने एकटीने केला. पट्ट्या बारीक. सर आणखी खूश. आणि दोघींनी मिळून जेव्हा जेव्हा केला, तेव्हा तेव्हा पट्ट्या जाड. एकदा नाही, तीनदा.

"दोघी वेगळ्या असल्या की आंबाडीला गुण येतो, एकत्र आल्या की नाय," सर म्हणाले. "पोरींनो, खोलीत कोण कोण बसलंय ह्याच्याशी आंबाडीला काय घेणं? कुणाच्या तरी हातात खोट हाय. कुणाच्या, ते मला कळंना."

मोनिका फिल्म गुंडाळायला लागली.

"अँटीबॉडी एकदाच पुरंल एवढी उरलीय. शुक्रवारी परत करा, मी इथंच बसतो. तरी उलटंच आलं, तर एकजण पैठणच्या माशांवर जाईल. ह्या कामाला एकच हात ठेवणार मी."

पैठणच्या माशांचा प्रकल्प सरांचाच होता. त्यावर जाणं म्हणजे तीन वर्षांच्या कामावर पाणी सोडून पहिल्यापासून पीएचडी सुरू करणं. मोनिकाने कसंबसं केलंही असतं. गजालाचं तसं नव्हतं. ती शहागंजात खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायची आणि तिचा भाऊ मोईन दर फोनवर आणखी किती दिवस, एवढंच विचारायचा. नव्याने सुरुवात म्हटल्यावर तो तिला सरळ सिल्लोडला घेऊन गेला असता. हे मोनिकाला ठाऊक होतं. आणि तरीही खोट कुणाच्या हातात असेल असं कुणी विचारलं असतं, तर तिच्या मनात गजालाचंच नाव आलं असतं. याची तिला स्वतःचीच लाज वाटत होती. त्या दुपारी दोघींनी डबे वेगवेगळे खाल्ले. कारण दोघींनीही कामाचंच सांगितलं.

या प्रयोगातल्या कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. सकाळी मोनिकाला बीएस्सीच्या पोरांची प्रॅक्टिकल्स असत. तेवढ्यात गजाला जेलीच्या चौकोनी पातळ वडीतल्या खाचांमध्ये नमुने भरायची, विजेवर प्रथिनं खाली पळवायची, मग ती कागदासारख्या पांढऱ्या पडद्यावर उतरवून घ्यायची. पडदा उलटासुलटा होऊ नये म्हणून त्याचा वरचा उजवा कोपरा कात्रीने कापायची आणि दूध पावडरीच्या पाण्यात बुडवून ठेवून द्यायची. दुपारी मोनिका येऊन तो पडदा उचलायची. अँटीबॉडी, धुणं, डार्करूम, फिल्म हे सगळं तिच्याकडे; फिल्मचाही तोच कोपरा ती कापून ठेवायची. एकीने ठेवायचं, दुसरीने उचलायचं. तीन महिन्यांत घडी अशी बसली होती की त्यात बोलायचं काही उरलंच नव्हतं.

गुरुवारी प्रॅक्टिकलला पोरं फिरकलीच नाहीत, म्हणून मोनिका लवकर सुटली. प्रयोगशाळेचं दार अर्धवट उघडं होतं. आत गजाला एका फुकट गेलेल्या जेलीच्या वडीत निळं पाणी भरून हात बसवत होती. मोनिका दारातच थांबली. खरं तर तिला तो हातच बघायचा होता, चोरून.

हातात खोट नव्हती. पिपेटचं टोक खाचेत जाई, निळा थेंब तळाशी अलगद बसे, एक कण बाजूला सांडत नव्हता. मोनिकाच्याने असं झालं नसतं. मग तिच्या लक्षात आलं की गजालाने पहिला थेंब अगदी उजवीकडच्या खाचेत सोडला होता आणि आता ती डावीकडे सरकत होती.

शेवटाकडून का भरतेय ही, असं मोनिकाच्या मनात आलं. आणि पुढच्याच क्षणी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. गजालाच्या लेखी तो शेवट नव्हताच. गजाला दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. विचार न करता काही करायचं झालं की तिचा हात उजवीकडूनच सुरू होई. चहाचे कप ती तसेच मांडायची, नवी वही हातात आली की आधी मागून उघडायची. यावरून मोनिकाने तिला कितीदा तरी चिडवलंही होतं. कापलेला उजवा कोपरा म्हणजे काम इथे संपलं, असं मोनिका आजवर समजत आली. गजाला मात्र तो कोपरा इथून सुरू कर, असं सांगायला कापत होती. जेलीच्या दोन्ही टोकांना रंगीत खुणा सारख्याच असायच्या, त्यामुळे त्यांवरून कुणालाच काही कळलं नव्हतं.

ती पावलं न वाजवता मागे फिरली आणि डार्करूमच्या कपाटातून तिन्ही फिल्म काढल्या. पहिली उजेडासमोर धरून तिने बोट उजवीकडून डावीकडे नेलं. पट्ट्या बारीक होत गेल्या. दुसरी. बारीक. तिसरी तर इतकी छान बारीक होत गेली होती की तिला मोठ्याने हसू फुटलं. आनंदाने तिने उसळी मारली आणि तिचं डोकं नेमकं वरच्या फळीवर आपटलं, पण टेंगळाचं तिला काही वाटलं नाही. गजालाचे हात खरे होते. तिचे स्वतःचे डोळे खरे होते. आंबाडीसुद्धा खरी होती.

पळत जाऊन गजालाला मिठी मारावी असं तिला वाटलं. दारापाशी येऊन ती थबकली. सर काय म्हणतील? जगात सगळे डावीकडून भरतात आणि ही उजवीकडून. म्हणजे तीन महिने आणि एवढी अँटीबॉडी गजालाच्या सवयीने वाया गेली, असंच ते धरतील. पैठणची बस गजालाच्याच नावाने निघेल. त्यापेक्षा काहीच बोलायचं नाही. उद्या आपण मुकाट्याने कापलेल्या कोपऱ्याकडून वाचायचं. जुन्या फिल्मचं सरांनी विचारलं तर माझंच वाचायला चुकलं म्हणून सांगायचं. ते काही अगदीच खोटं नव्हतं. तीन महिन्यांत तिने गजालाला एकदाही विचारलं नव्हतं की बाई, तू भरतेस कुठून?

शुक्रवारी सर सकाळपासून स्टुलावर ठाण मांडून बसले होते. मोनिका प्रॅक्टिकल्स आटपून आली तेव्हा पडदा दुधाच्या पाण्यात हलत होता आणि त्याचा उजवा कोपरा कापलेला होता. तिचा जीव भांड्यात पडला.

"चांगलं भरलं हिनं," सर म्हणाले. "एक थेंब इकडं-तिकडं नाय. मी डोळ्यांनी बघितलं."

गजाला आज विलक्षण खुशीत होती. चहा घेतेस का, म्हणून तिने स्वतःहून विचारलं. मोनिकानेही जरा जास्तच गोड आवाजात हो म्हटलं. कालपर्यंत एकमेकींना टाळणाऱ्या या दोघी अशा काय लाडात आल्या आहेत, ते सरांना कळेना.

उरलीसुरली अँटीबॉडी पडद्यावर गेली. मग धुणं झालं, पुन्हा धुणं झालं. डार्करूमच्या लाल उजेडात फिल्म रसायनात बुडाली आणि हळूहळू चार पट्ट्या वर आल्या, अगदी स्वच्छ. मोनिकाने जाणूनबुजून त्यांच्याकडे नीट बघितलं नाही. सरांसमोरच बघायचं, असं तिने ठरवलं होतं.

खिडकीशी येऊन तिने फिल्म काचेवर टेकवली, कापलेला कोपरा उजवीकडे ठेवला आणि त्याच बाजूच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"हे बिनआंबाडीचं, सर. ह्या थोड्या आंबाडीतल्या..."

बोट डावीकडे सरकलं. पट्टी जाड झाली. पुढची आणखी जाड. शेवटची डांबरासारखी काळी. सरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि खिशातून मोबाईल काढला. पैठणलाच फोन लावणार होते.

"मोना," मागून गजाला हळूच म्हणाली, "आज उजवीकडून का वाचायलीस?"

"तू उजवीकडून भरतीस म्हणून."

"मी आज डावीकडून भरलं."

मोनिका वळली. "का?"

"तू डावीकडून वाचतीस म्हणून. त्या दिवशी सरांना दाखवताना तुझं बोट बघितलं ना मी. कोपरा तेवढा सवयीनं उजवा कापला गेला."

सरांच्या हातातला मोबाईल तसाच राहिला. "काय चाललंय हे? मला कळंल असं कुणीतरी बोला."

"सर, गलती माझी आहे," गजाला घाईघाईने म्हणाली. "हाताला उर्दू शाळेची सवय. तिन्ही वेळा मी उजवीकडून भरलं आन् हिला सांगितलंच नाय."

"नाय सर, माझी. मी कधी विचारलंच नाय."

"तुला काय ठाऊक असणार? भरणारीनं सांगायला पाहिजे."

"वाचणारीनं विचारायला पाहिजे."

"थांबा," सर म्हणाले.

त्यांनी मोनिकाच्या हातातून फिल्म घेतली आणि स्वतःचं जाडजूड बोट डावीकडून उजवीकडे नेलं. पट्ट्या बारीक होत गेल्या. मग त्यांनी जुन्या तिन्ही फिल्म मागवल्या आणि त्यांवरून बोट उजवीकडून डावीकडे नेलं. एकदा नेलं, पुन्हा नेलं. तिसऱ्या फिल्मवर त्यांचं बोट रेंगाळलं. मग ते मटकन स्टुलावर बसले आणि त्यांचं सगळं अंग गदगदा हलायला लागलं. सर हसतायत, हे दोघींना कळायला जरा वेळच लागला.

"तरीच," ते डोळे पुसत म्हणाले. "एकटी असली की जिकडनं भरलं तिकडनंच वाचायची. दोघी आल्या की सगळा घोटाळा. आन् मी आंबाडीला बोल लावीत बसलो." त्यांनी मोबाईल खिशात टाकला. "पैठणला जायचं काय काम नाय कुणाला. नवी अँटीबॉडी मागवतो. आली की परत एकदा करा, दोघी मिळूनच."

मोनिकाने गजालाचा हात कधी धरला, ते तिलाही कळलं नाही. गजालाने तो सोडवून घेतला नाही.

"पण आधी माझ्यासमोर एक ठरवा," सर म्हणाले. "इथून पुढं भरायचं आन् वाचायचं कुठून?"

"डावीकडून," गजाला म्हणाली.

"उजवीकडून," मोनिका म्हणाली.

दोघी एकदमच बोलल्या होत्या, आणि दोघींचाही निश्चय पक्का दिसत होता.